मुखवटा आणि क्रूस

पस्तिशी, चाळिशी, कधी कधी पन्नाशीही उलटून गेल्यावर एखाद्या ख्रिस्ती बाईला ऑटिझमचं (संवाद आणि संवेदना यांबाबतची मेंदूची जन्मजात निराळी घडण) किंवा एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि कामाची आखणी यांतली मेंदूची अडचण) निदान होतं, तेव्हा तिच्या मनात येणारा पहिला प्रश्न बहुतेकदा औषधोपचारांचा नसतो. तो असतो, मग इतकी वर्षं मी कशाची क्षमा मागत होते?

हा प्रश्न मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, क्वचितच मोठ्यानं विचारला जातो. पण अशा बायका एकमेकींशी मोकळेपणानं बोलू लागल्या की तो हटकून वर येतो. कळायला लागल्यापासून रात्रीच्या प्रार्थनेत तीच यादी. आज पुन्हा विसरले. पुन्हा उशीर केला. कुणाचं तरी बोलणं मध्येच तोडलं. चारचौघांत घुम्यासारखी बसून राहिले. प्रार्थनेत पाच मिनिटंही मन लागलं नाही. प्रभू, मला बदल. आणि सकाळी उठते ती तीच बाई, त्याच मेंदूनिशी. यातून निघणारा निष्कर्ष तिला कुणी शिकवावा लागत नाही, तो वर्षानुवर्षं आपसूक घट्ट होत जातो: माझा विश्वासच उणा आहे.

मला या लेखात जे मांडायचं आहे ते थोडक्यात असं. निदानामुळे पश्चात्ताप टळत नाही. उलट अशा बाईला खरा पश्चात्ताप करता येतो तो निदानानंतरच, कारण आपलं पाप कुठलं आणि आपली घडण कुठली हे तिला आयुष्यात पहिल्यांदा वेगळं करता येतं. या कामात तिला साथ देणं हे मंडळीचं कर्तव्य आहे, आणि आज बहुतेक ठिकाणी मंडळी नेमकं उलटं करते आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. उशिरा निदान होणं हे फॅड नाही आणि त्या बाईची हयगयही नाही. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ऑटिझमवर जो पायाभूत निबंध लिहिला त्यात ११ मुलं होती, त्यांतल्या मुली फक्त ३. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी सविस्तर मांडलेली चारही उदाहरणं मुलग्यांची. मॉस्कोत काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा या बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंनी या दोघांच्याही आधी, १९२०च्या दशकातच, मुलग्यांबरोबर मुलींचीही निरीक्षणं नोंदवली होती, पण त्यांच्याकडे जगाचं कित्येक दशकं लक्षच गेलं नाही. एडीएचडीचं चित्रही असंच एकांगी तयार झालं: वर्गात उड्या मारणारा, कुणाचं न ऐकणारा मुलगा. खिडकीबाहेर बघत बसणारी, वह्या हरवणारी, ओरडा खाऊन मुकाट रडणारी मुलगी त्या चित्रात कधी बसली नाही. त्यात नियमांची भर पडली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची जी निदानपुस्तिका जगभर वापरली जाते तिच्यानुसार २०१३पर्यंत एडीएचडीची लक्षणं वयाच्या ७ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागत, आणि ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान करताच येत नसे. २०१३च्या पाचव्या आवृत्तीनं ही वयोमर्यादा १२ वर्षांपर्यंत वाढवली आणि दोन्ही निदानं एकत्र करायची मुभा दिली. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बायकांच्या लहानपणी त्यांना ओळखू शकेल अशी चौकटच अस्तित्वात नव्हती. पुष्कळजणींना आधी नैराश्य, चिंता अशी नावं मिळाली. खरं उत्तर सापडलं ते स्वतःच्या मुलाची किंवा मुलीची तपासणी चालू असताना: डॉक्टर विचारत होते लेकराबद्दल आणि आई मनातल्या मनात उत्तरं देत होती स्वतःबद्दल. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येते, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल काहीच नाही.

या इतिहासातलं एक पान ख्रिस्ती वाचकांनी मुद्दाम वाचावं असं आहे. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये काही व्याख्यानं दिली. आज ज्याला एडीएचडी म्हणता येईल त्याच्याशी बरीच मिळतीजुळती वागणूक त्यानं त्यांत वर्णन केली, आणि तिला नाव दिलं ते नैतिक नियंत्रणातल्या दोषाचं. या स्थितीचं मूळ शरीरात असावं असंच त्याचं मत होतं, तरी शब्द त्याला नीतीचाच सुचला. वैद्यकशास्त्रानं तो शब्द केव्हाच टाकून दिला. मंडळीत मात्र तो अजून नांदतो आहे, फक्त नावं बदलून: आळस, बेशिस्त, स्वार्थ, प्रीतीचा अभाव, आध्यात्मिक अपरिपक्वता.

बायकांच्या बाबतीत या नावांची धार जास्त लागते, कारण त्यांच्यासमोर एक आदर्श सतत धरलेला असतो. नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री. ती रात्र सरायच्या आधी उठते, लोकर नि ताग आणून काततेविणते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, तिचा दिवा रात्री विझत नाही, आणि तिच्या जिभेवर दयेचं शिक्षण असतं. स्त्रियांच्या मेळाव्यांत या अध्यायावर बोलणं होतं तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी असते जिला घरातली एक कामाची साखळी सुरू करायलाच अर्धा दिवस लागतो, जिचं भाजायला ठेवलेलं करपतं, जिला दुकानातल्या दिव्यांनी नि आवाजांनी डोकं धरून बसावं लागतं. ती घरी जाते आणि रडते. तिला कुणी सांगत नाही की हा भाग म्हणजे एक कविता आहे, हिब्रू वर्णमालेतल्या २२ अक्षरांनी क्रमानं सुरू होणाऱ्या २२ ओळींची स्तुती आहे. दिनक्रमाचं वेळापत्रक म्हणून ती कुणी लिहिलेली नाही. आणि १५व्या वचनातल्या दासींबद्दल तर कुणीच बोलत नाही. त्या आदर्श स्त्रीच्या हाताखाली माणसं होती! पवित्र शास्त्रातल्या सगळ्यांत कर्तबगार गृहिणीलाही मदत होती, आणि आपण मात्र एकट्या बाईनं, मदतीवाचून, तिच्या मेंदूला न झेपणाऱ्या पद्धतीनं तेवढंच करून दाखवावं अशी अपेक्षा धरतो. मत्तयाच्या २३व्या अध्यायात लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादून स्वतः बोटही न लावणाऱ्यांबद्दल येशू जे म्हणाला ते इथं आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरं वचन आहे रोमकरांस पत्रातलं, ७:१५. जे मला करावंसं वाटतं ते मी करत नाही, ज्याचा मला तिटकारा आहे तेच करतो. एडीएचडी असलेल्या किती विश्वासू बायकांनी हे वचन अधोरेखित केलं असेल! त्यांना ते स्वतःच्या दिवसाचं वर्णन वाटतं: पत्राला उत्तर द्यायचंय, मनापासून द्यायचंय, ते समोर पडलेलं आहे, आणि हात उचलतच नाही. पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथं देवाच्या नियमशास्त्राविषयी बोलतो आहे. लोभ धरू नको, या आज्ञेचं उदाहरण तो स्वतःच त्याच अध्यायात देतो. न पाठवलेलं पत्र, तुंबलेले कपडे, चुकलेली तारीख यांचा सीनाय डोंगरावर दिलेल्या दहा आज्ञांच्या पाट्यांवर उल्लेख नाही. पौलानं पापाचा जो ताण सांगितला त्याच्या जागी मेंदूच्या कार्यनियोजनातली अडचण बसवली की दोन गोष्टी घडतात. बाई निष्पाप गोष्टींसाठी स्वतःला दोषी ठरवत राहते, हे तर आहेच. त्याहून मोठी हानी अशी की खऱ्या पापाकडे बघायला तिच्यात त्राण उरत नाही.

आळसाचंही तसंच. थॉमस अक्वायनस या धर्मपंडितानं १३व्या शतकात या पापाचा जो अर्थ लावला त्यात केंद्रस्थानी आहे देवाच्या ठायी असलेल्या भल्याविषयीची खिन्नता, त्या भल्याचा कंटाळा. काम सुरू करता न येणं ही त्याची व्याख्या नव्हती. देवासाठी आसुसलेली, पण बिछान्यातून उठून पुढची तीन कामं कोणत्या क्रमानं करायची हे न उमगणारी बाई या अर्थानं आळशी ठरतच नाही. परंपरा आपल्यापेक्षा सूक्ष्म होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा १७३५वा परिच्छेद सांगतो की अज्ञान, अनवधान, भीती, सवय, मानसिक घटक यांमुळे कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी पुरती नाहीशीही होऊ शकते. अनवधान हा शब्द तिथं स्पष्टपणे आहे. तो ज्यांच्या उपयोगाचा आहे त्यांच्यापर्यंत मात्र क्वचितच पोचतो.

आता मुख्य आक्षेपाकडे येते, कारण तो गांभीर्यानं घ्यायला हवा. स्वतःचा स्वीकार ही भाषा जगाची आहे, असं म्हटलं जातं. ख्रिस्तानं तर स्वतःचा त्याग करायला सांगितलं, आपला क्रूस उचलून मागे यायला सांगितलं (मार्क ८:३४). मग 'मी अशीच आहे' म्हणणं हा अहंकार नाही का?

या आक्षेपाचं वजन मला मान्य आहे. पण या बायका आजवर जे करत आल्या त्याला आपण त्याग म्हटलं, आणि घोटाळा तिथंच झाला. मास्किंग, म्हणजे आपलं वेगळेपण लपवायला मुखवटा चढवणं, प्रत्यक्षात कसं असतं ते जरा बारकाईनं पाहू. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं याचा मनात हिशेब ठेवणं. फोन करण्याआधी वाक्यं पाठ करणं. हात हलवावेसे वाटत असताना ते मांडीखाली दाबून बसणं. गीतांचा आवाज सहन होत नसताना चेहऱ्यावर आनंद ठेवणं. इतर बायका कशा हसतात, कशी चौकशी करतात, ते न्याहाळून त्याची नक्कल करणं, आणि उपासना संपल्यावर घरी येऊन दार लावून अंधारात पडून राहणं. मंडळी या सगळ्याकडे पाहून म्हणते, किती नम्र आहे, किती सोशीक आहे. संशोधनात मात्र असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे की ऑटिस्टिक माणसांमध्ये स्वतःला लपवण्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकी चिंता आणि नैराश्य जास्त, आणि आत्महत्येचे विचारही जास्त. ज्या सवयीची सोबत मरणाच्या इच्छेशी आहे तिला आपण पवित्रीकरण म्हणत आलो.

क्रूस प्रीतीपोटी उचलला जातो. मुखवटा भीतीपोटी चढवला जातो: खरी मी दिसले तर मला इथं जागा राहणार नाही, या भीतीपोटी. क्रूसाकडे जाणाऱ्यानं तर मुखवटा मुळीच घातला नाही. गेथशेमाने बागेत त्यानं शिष्यांना उघड सांगितलं की माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे, इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. त्यानं आपली व्याकुळता झाकली नाही आणि सोबत मागायला तो लाजला नाही. शिवाय जो स्व कधी स्वतःचा म्हणून ओळखलाच नाही त्याचा त्याग करणार कसा? देता येतं ते हातात असलेलं. स्वतःला ओळखणं ही त्यागाची पूर्वअट आहे, आणि निदानानं नेमकी तीच पुरी होते.

तरीही कुणी म्हणेल की निदान हाती आलं की बाई प्रत्येक चुकीला ते पुढे करेल. करू शकेल. माणूस कशाचंही निमित्त करू शकतो, वचनांचंसुद्धा. पण प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. समजा आजारी मैत्रिणीला भेटायला जायचं तिनं कबूल केलं होतं आणि ती साफ विसरली. मैत्रीण दिवसभर वाट बघत राहिली. इजा खरी आहे, माफी मागायलाच हवी. निदानाआधी ती काय करायची? दोनांपैकी एक. एक तर महिनाभर तोंड दाखवायची नाही, कारण आपण वाईट आहोत या जाणिवेखाली ती दबून जायची. नाही तर खोटं बोलायची: अंगात ताप होता, फोन बंद पडला, घरी अचानक कुणी आलं. आयुष्यभर विसरभोळेपण झाकण्यासाठी किती खोटं बोलावं लागतं याचा अंदाज इतरांना येणार नाही. निदानानंतर तिला सरळ म्हणता येतं, 'मी विसरले, तुला वाट बघायला लावलं, मला माफ कर. माझ्या डोक्यात तारीख राहत नाही, म्हणून यापुढे मी ती लिहून ठेवणार आणि आदल्या दिवशी तू मला आठवण करशील का?' यात अपराधाची कबुली आहे, भरपाई आहे, पुढची सोय आहे. आणि खोटं नाही. खोटं बोलणं हे पाप होतं, विसरणं नव्हतं. पण विसरल्याच्या लाजेच्या ढिगाखाली ते पाप इतकी वर्षं दिसतच नव्हतं. पश्चात्ताप खरा होतो तो असा.

ऑटिस्टिक बाईची गोष्ट थोडी निराळी. तिला कदाचित कळेल की आपल्या रोखठोक बोलण्यानं कुणी दुखावलं तर त्याबद्दल माफी मागायची असते, पण बोलण्यामागं द्वेष नव्हता एवढं स्वतःशी तरी मान्य करायला हरकत नाही. तिला हेही कळेल की कित्येक वर्षं प्रत्येकाला 'हो' म्हणत राहणं ही प्रीती नव्हती. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञानं २०१२ साली एक साधी गोष्ट मांडली: ऑटिस्टिक आणि इतर माणसं यांच्यात समजण्याची जी अडचण येते ती दोन्ही बाजूंची असते. आपण आजवर तिचा सगळा भार एकाच बाजूवर टाकला. एकमेकांची ओझी वाहा, असं गलतीकरांस पत्रात लिहिलेलं आहे, आणि 'एकमेकांची' म्हटल्यावर त्यात दोघंही आले.

पाप नसलेल्या गोष्टींची वारंवार कबुली देण्यात एक वेगळाच धोका आहे. वचनं शब्दशः घेणारं, नियम तंतोतंत पाळू पाहणारं मन असेल तर ते स्वतःची झडती घेताना थांबतच नाही. संत इग्नाशियस लोयोला १५२२ साली मान्रेसात असताना अशाच शंकांनी पछाडला होता. झालेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करूनही त्याला शांती मिळेना, जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत वेळ आली. शेवटी जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असा त्यानं निश्चय केला, आणि तो त्यातून सुटला. जो पाळक किंवा धर्मगुरू अशा बाईला 'अजून खोल शोध घे' असं सांगतो तो तिला अधिक खोल खड्ड्यात ढकलतो. तिला 'हे पाप नाही, याची कबुली आता द्यायची नाही' असं अधिकारानं सांगणारं कुणीतरी हवं असतं.

प्रार्थनेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तिथली लाज सगळ्यांत खोल असते. पहाटे उठून, एका जागी स्थिर बसून, डोळे मिटून, मन एकाग्र करून शांत वेळ घालवणं हे जणू विश्वासाचं थर्मामीटर ठरलं आहे. ज्या मेंदूला हे जमत नाही त्याची मालकीण असं मानते की देवालाच आपण नकोशा आहोत. तिला आविलाच्या संत तेरेसाबद्दल सांगावं. प्रार्थनेवर ख्रिस्ती जगात जिच्याइतकं अधिकारानं फार थोड्यांनी लिहिलं त्या तेरेसानं आपल्या आत्मचरित्रात मान्य केलं आहे की कित्येक वर्षं ती प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडे कान लावून बसत असे, आणि हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायची तिला भीती वाटे. लिझ्यूची तेरेझ तर प्रार्थनेच्या वेळी झोपी जाई, जपमाळ म्हणणं तिला जड जाई, आणि पाठीमागे बसणाऱ्या एका भगिनीच्या बारीकशा आवाजानं ती इतकी हैराण होई की सहन करण्याच्या प्रयत्नात तिला घाम फुटे. तिनं लढाई सोडून तो आवाजच ऐकायचं ठरवलं आणि ते ऐकणं देवाला वाहिलं. या दोघींवर आजची निदानं चिकटवायचा माझा मुळीच विचार नाही, तो उद्धटपणा होईल. मला एवढंच म्हणायचं आहे की मन न लागणं आणि प्रीती नसणं या दोन गोष्टी चर्चनं कधीही एक मानल्या नाहीत. दोघींनाही चर्चनं संत म्हटलं, आणि पुढे आपल्या आचार्यांमध्ये बसवलं.

आणि हन्ना. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ती देवाच्या मंदिरात उभी आहे, ओठ हलताहेत आणि आवाज येत नाही. एली याजक तिच्या शरीराकडे बघतो आणि ठरवतो की ही प्यायलेली आहे. तो तिला टोकतो. ती सांगते, नाही माझ्या स्वामी, मी दुःखी बाई आहे, मला अधम समजू नका. अपेक्षेप्रमाणे न दिसणाऱ्या प्रार्थनेला पहिला दोष लावला तो धर्मसेवकानंच. पण एलीचं मोठेपण पुढच्या वचनात आहे: तिचं बोलणं ऐकल्याबरोबर त्यानं आपलं मत बदललं, वाद घातला नाही, शांतीनं जा म्हणाला. चालत प्रार्थना करणाऱ्या, वहीत रेघोट्या ओढत प्रवचन ऐकणाऱ्या, डोळे उघडे ठेवून हातातल्या मण्यांशी चाळा करणाऱ्या बाईला बघून आजच्या एलींनी एवढं तरी करावं.

बरं होण्यासाठी प्रार्थना का करू नये, असं कुणी प्रेमानं विचारतं. नैराश्यासाठी, थकव्यासाठी, झोपेसाठी जरूर करावी. पण मेंदूच्या घडणीवर हात ठेवून ती घडणच निघून जावी अशी मागणी मंडळीत सर्वांसमोर करणं, आणि ती गेली नाही की विश्वासाकडे बोट दाखवणं, ही क्रूरता आहे. योहानाच्या ९व्या अध्यायात शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू तो प्रश्नच मोडीत काढतो. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला उत्तर मिळालं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' काटा तसाच राहिला, आणि पौलाच्या विश्वासावर कुणी शंका घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. औषधांबद्दलही तेच. ज्या परंपरेत लूकला प्रिय वैद्य म्हटलं जातं आणि पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, तिथं एडीएचडीची गोळी घेणाऱ्या बाईला 'देवावर विसंबत नाहीस' म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

दुसऱ्या टोकाची भाषाही मला पटत नाही. ऑटिझम म्हणजे वरदान, एडीएचडी म्हणजे अलौकिक शक्ती, देवानं तुला खास बनवलं. देवानंच मला आईच्या उदरात घडवलं असं म्हणणारं १३९वं स्तोत्र घाईघाईनं तिच्या गळ्यात घातलं जातं. ते स्तोत्र खरं आहे आणि त्या बाईपुरतंही खरं आहे, पण नुकतंच निदान झालेली बाई आधी शोक करत असते. ज्या नोकऱ्या सुटल्या, जी नाती तुटली, ज्या मुलीवर ती स्वतःच्याच धास्तीनं ओरडत राहिली, त्या सगळ्याचा शोक. रागही असतो, देवावरसुद्धा. तिला ८८वं स्तोत्रही वाचायला द्यावं. ते अंधारात संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ही घडण सृष्टीच्या मूळ चांगुलपणाचा भाग आहे की जगाच्या भंगलेपणाचा, यावर धर्मपंडित वाद घालतात. कदाचित एकाच बाईत दोन्ही असेल: बारकाव्यांवर जीव लावणारी नजर आणि मेल्टडाउननंतरचे, म्हणजे ताण असह्य होऊन कोसळल्यानंतरचे, दोन दिवस यांना एकाच रकान्यात टाकता येत नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, थोमानं त्या पाहिल्या. गौरवलेल्या देहात काय राहील आणि काय जाईल, याबद्दल आपण इतक्या खात्रीनं बोलू नये असं मला त्यावरून वाटतं.

मंडळीनं काय करावं, याची उत्तरं फारशी अवघड नाहीत. उपासनेचा क्रम आधीच छापून किंवा फोनवर पाठवून द्यावा, त्यात अचानक बदल करू नये. 'आता शेजारच्याला मिठी मारा' असं व्यासपीठावरून फर्मावू नये. ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी ठेवावा आणि बाहेर जाऊन बसता येईल अशी एक शांत खोली असावी, जिथून प्रवचन ऐकू येईल. स्वयंपाकघरात आणि बालवर्गात राबणं हीच बाईची सेवा असं धरून चालू नये. हिशेब, अनुवाद, संगीत, अभ्यास यांतलं तिला काय जमतं ते तिलाच विचारावं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २०१८ साली असं दिसलं की ऑटिझम असलेली मुलं उपासनेला कधीच न जाण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जवळजवळ दुप्पट असते. त्या मुलांबरोबर त्यांच्या आयाही घरीच राहतात. आणि ज्या मुलींची कुणी दखलच घेतली नव्हती त्या गेली तीस-चाळीस वर्षं आपल्याच बाकांवर बसून आहेत, हात मांडीखाली दाबून.

पाळकांना माझी विनंती आहे की निदानाचा कागद घेऊन एखादी बाई आली तर लगेच वचन शोधू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा दूतानं त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. प्रश्न नंतर विचारला गेला. तिला विचारा की कशाची क्षमा मागत होतीस, ती यादी माझ्यासमोर वाचशील का? मग त्या यादीत एकेक ओळ तिच्याबरोबर तपासा. कुठल्या ओळीला क्षमेची गरज आहे, कुठल्या ओळीला सोयीची, आणि कुठली ओळ खरं तर दुसऱ्या कुणीतरी तिच्यावर केलेल्या अन्यायाची आहे, हे सावकाश लावून घ्या. याला एक बैठक पुरणार नाही.

देव फारो राजाकडे पाठवत होता तेव्हा मोशे त्याला म्हणाला होता, मी जड जिभेचा आहे. देवानं विचारलं, माणसाला तोंड कुणी दिलं? मी तुझ्या मुखाला साहाय्य करीन, असं वचनही दिलं. त्यावरही मोशे कचरला तेव्हा देव रागावला, आणि त्या रागातही त्यानं अहरोनाचं नाव घेतलं: तुझा भाऊ चांगला बोलतो, तो तुला भेटायला निघालाच आहे. मोशेची जीभ सुटल्याचं त्या प्रसंगात कुठं लिहिलेलं नाही. फारोपुढे तो गेला तो भावाला बरोबर घेऊन. आपल्या मंडळीतल्या अशा प्रत्येक बाईला कुणीतरी अहरोन लागेल. आदल्या दिवशी आठवणीचा फोन करणारी कुणी, गर्दीत तिच्या बाजूला उभी राहणारी कुणी, कार्यालयातला अर्ज तिच्याबरोबर बसून भरणारी कुणी. ही नावं येत्या रविवारी ठरवता येतील.